माझा नवरा पुरातून वाचला, दुसऱ्या एका आईचा मुलगा नाही वाचला. साक्ष कशी द्यायची?

माझ्या सदराला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे (गाव, नावं, ओळख पटेल असं सगळं काढलंय):

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ताई आहेत, वय 36. पाच एकर कोरडवाहू, घरात नवरा, सासू, दोन मुली. घर ख्रिस्ती, गावातली मंडळी (म्हणजे चर्चची माणसं) वीसेक घरांची. मागच्या ऑगस्टमध्ये त्यांचे मिस्टर आणि मंडळीतलाच एक 19 वर्षांचा मुलगा संध्याकाळी वावरातून बंडी (बैलगाडी) घेऊन परत येत होते, रपट्यावर (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर) पाणी होतं पण रोजचंच म्हणून बंडी घातली आणि मधेच लोंढा आला. मिस्टरांच्या हाताला बाभळीची फांदी लागली, ते पहाटेपर्यंत झाडावर होते. एक बैल निघाला, एक गेला. मुलगा दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याजवळ सापडला. विधवा आईचा एकुलता एक.

तेव्हापासून मिस्टर गावोगावच्या सभांमध्ये साक्ष देतात (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात), बायबलमधल्या यशया 43 मधलं वचन सांगून, की नद्यांतून गेलास तरी त्या तुला बुडवणार नाहीत. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतोय. आता नाताळानंतरच्या मोठ्या सभेत ती साक्ष स्वतःच्याच गावात द्यायची असं पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) ठरवलंय. मुलाची आई पहिली साक्ष झाल्यापासून उपासनेला यायची बंद झाली. हातपंपावर एकदा ताईंना एवढंच म्हणाली, "तुमच्या देवाच्या हाताले माहं पोट्टं जड झालं काय?" इकडे मिस्टरांनी बीपीची गोळी सोडली ("ज्यानं पुरातून काढलं तो बीपीनं मारन काय मले?"), यंदा पीकविमा भरला नाही, आणि पाणी असताना त्याच रपट्यावरून मोटरसायकल घालतात. पाऊस आला की मात्र रात्रभर ओसरीत बसून राहतात. ताई विचारतात, यांना थांबवू का, आणि "धन्यवाद प्रभू" म्हणताना माझ्या घशात अडकतं, मी अविश्वासी झाले का?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर बाकीचं सगळं तुम्ही धडधडत वाचाल. नाही, तुम्ही अविश्वासी झालेल्या नाहीत. तुम्हाला त्या माउलीचा चेहरा दिसतो म्हणून घशात अडकतं, आणि तो दिसायचा बंद झाला असता तर मी जास्त घाबरले असते.

मी काही पाळक नाही हे सांगून टाकते. आधी मिशनच्या दवाखान्यात आणि मग सरकारी नोकरीत अशी मिळून अडतीस वर्षं नर्स होते, आणि लहानपणी संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करत वाढले, जे लिहितेय ते या दोनच गोष्टींच्या भरवशावर. कोणाला पटलं नाही तर खुशाल लिहा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात, की "देवाने यांना वाचवलं" म्हटलं की आपोआप "त्या मुलाला सोडून दिलं" असं म्हटल्यासारखं होतं. त्या आईनेही तेच ऐकलं. आणि तुमचे मिस्टरसुद्धा तेच धरून चाललेत, फक्त दुसऱ्या टोकाने, की मी वाचलो म्हणजे माझ्याबाबतीत काही खास आहे. तिघांचा हिशोब एकच आहे. आता हा हिशोब बायबलमध्ये आहे का ते बघू, कारण आपल्याकडे वचनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याला एक अशी सुटी सुटी छापून येतात आणि त्याच्या मागची पुढची ओळ कोणी वाचत नाही.

प्रेषितांची कृत्ये, 12 वा अध्याय काढा. यातली येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तुरुंगात दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मधे झोपलेला, देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. संडे स्कूलच्या नाटकात मी स्वतः तो देवदूत झालेय, आईची पांढरी चादर गुंडाळून. पण त्याच अध्यायातलं दुसरं वचन बघा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. बस, एवढंच, एक ओळ. देवदूत नाही, दरवाजा नाही, काही नाही. आता हा याकोब कमी विश्वासाचा होता का हो? याईर नावाच्या माणसाच्या मेलेल्या मुलीला उठवलं तेव्हा येशूने आत घेतलेले शिष्य तीनच, पेत्र, याकोब आणि योहान. डोंगरावर बरोबर नेलेलेही तेच तिघं. म्हणजे एकाच मंडळीतले दोघं, एकाच राजाच्या तावडीत सापडले, एक सुटला आणि एक गेला. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकाने हे दोन्ही लिहिलं आणि कारण काहीच दिलं नाही. त्याला देता आलं असतं ना, याकोबाने अमुक पाप केलं होतं वगैरे. दिलं नाही.

(आणि अजून एक, पेत्र सुटला म्हणून सकाळी हेरोदाने पहारेकऱ्यांना मारायचा हुकूम दिला, हेही तिथेच लिहिलंय. नाटकात आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी मोठी झाल्यावर वाचलं तेव्हा दोन दिवस मन लागलं नाही.)

या याकोबाची आई आपल्याला माहीत आहे. मत्तय 20 मध्ये हीच बाई येशूपुढे येते आणि म्हणते माझ्या या दोन पोरांना तुझ्या राज्यात एकाला उजवीकडे एकाला डावीकडे बसव. किती आईसारखं मागणं आहे. त्यातला एक पोरगा असा गेला, आणि ज्या दिवसांत ती रडत असेल त्याच दिवसांत पेत्र सुटल्याचा आनंद मंडळीत. ती तेव्हा जिवंत होती की नव्हती तेही पुस्तक सांगत नाही, पण मला ती तुमच्या हातपंपावरच्या बाईसारखीच दिसते.

आता पेत्र काय करतो ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे सापडलं. तो रात्री एका घराचं दार वाजवतो, आत पुष्कळ लोक प्रार्थना करत जमलेले. रुदा नावाची पोरगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते (हे वाचून मला दरवेळी हसू येतं). शेवटी दार उघडतं, सगळे थक्क, गलका होतो, आणि पेत्र हाताने खुणावतो, गप्प राहा. मग प्रभूने कसं बाहेर काढलं ते सांगतो आणि निघून जातो. शेजारी ऐकतील, शिपाई मागावर असतील, म्हणून गप्प केलं असेल, असेलही. पण ज्या घरात त्याने हे सांगितलं तिथली माणसं याकोबाला ओळखणारी असणार, त्याच्याबरोबर जेवलेली असणार. साक्ष झाली, पण हळू आवाजात झाली, थोडक्यात झाली, आणि जो गेला त्याच्या माणसांमध्ये झाली. माइकवर नाही.

म्हणून मिस्टरांनी साक्ष द्यायचीच नाही असं मी म्हणणार नाही. माणूस आठ-नऊ तास बाभळीवर काटे टोचत बसून जिवंत खाली उतरला, त्याने आभार मानायचे नाहीत तर कोणी मानायचे. पण एक कसोटी लावा. ही साक्ष त्या आईच्या समोर, तिच्या ओसरीत, तिच्या डोळ्यांत बघून देता येईल का? जेवढी देता येईल तेवढी खरी, बाकीची गाळा. "मी वाचलो, का वाचलो मला माहीत नाही, मी देवाचे आभार मानतो आणि तो पोरगा मला रोज आठवतो", हे देता येईल. "माझा विश्वास होता म्हणून नदीने मला सोडलं", हे देता येणार नाही, आणि बायबलच्या हिशोबानेही ते बरोबर नाही. इब्रीकरांस पत्राच्या 11 व्या अध्यायात विश्वासाने सिंहांची तोंडं बंद केलेले आहेत आणि त्याच दमात विश्वास असूनही दगडमार झालेले, करवतीने चिरलेलेही आहेत, दोघांनाही एकच शाबासकी. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले तेव्हा येशूने सरळ विचारलं, ते काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला, आणि स्वतःच नाही म्हणून उत्तर दिलं.

आणि ते यशयाचं वचन. ते एका माणसाला सांगितलेलं नाहीये, याकोबा, इस्राएला अशी हाक मारून (हा याकोब वरचा शिष्य नव्हे, हे त्या प्रजेचंच नाव) अख्ख्या लोकांना सांगितलेलं आहे, बाबेलच्या बंदिवासात घरदार देऊळ सगळं गमावून बसलेल्या लोकांना, की तुम्ही एक प्रजा म्हणून संपणार नाही, मी बरोबर आहे. त्यातले किती जण वाटेत मेले असतील, तिकडेच मेले असतील. म्हणजे ज्याचं वचन आहे ते "मी तुझ्याबरोबर असेन" याचं. ते रपट्यावरच्या प्रत्येक माणसाचं हमीपत्र करून वाचलं की मग बुडालेल्या मुलाच्या आईला आपण काय सांगतो? की तुझा मुलगा त्या वचनात बसत नव्हता. तोंडाने कोणी म्हणत नाही, पण माइकवरून तिला तेच ऐकू येतं.

आपल्याच भागातली एक गोष्ट सांगते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडहून आलेले मिशनरी, 1845 पासून नागपुरात. शाळा काढली, गोंड लोकांची भाषा-गाणी गोळा केली, विदर्भातल्या दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. 4 सप्टेंबर 1863 ला बुटीबोरीजवळ टाकळघाटला जुनी दगडांची वर्तुळं बघायला गेले होते, रात्री घोड्यावरून परत निघाले, पावसाने नदी चढलेली, आणि त्यात बुडून गेले. घोडा एकटा परत आला तेव्हा लोकांना कळलं. आयुष्यभर देवाचं काम केलेला माणूस, विदर्भातल्याच पुरात. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? मग त्या 19 वर्षांच्या पोराबद्दल न बोलता तेच का म्हणायचं.

आता मिस्टरांच्या दुसऱ्या वागण्याकडे येते, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. तुम्ही लिहिलंय त्यांच्या स्टेटसला स्तोत्र 91 असतं, देवदूत तुला हातांवर झेलतील ते. छान स्तोत्र आहे, माझ्या आईच्या उशाशी होतं. पण नव्या करारात हे वचन कोण म्हणून दाखवतं माहीत आहे का त्यांना? सैतान. मत्तय 4 मध्ये तो येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, टाक उडी, असं लिहिलंच आहे की झेलतील. येशू काय उत्तर देतो, परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. त्याने वचन खोटं आहे असं म्हटलं नाही, उडी मारली नाही एवढंच. पाणी वाहतंय अशा रपट्यावर मोटरसायकल घालणं म्हणजे तीच उडी आहे. गुडघाभर वाहतं पाणी माणसाला उचलतं, त्याला कोण मंडळीतलं कोण नाही ते कळत नाही. हे तुम्ही सांगितलं तर भांडण होईल, म्हणून हा उतारा त्यांनाच मोठ्याने वाचायला लावा, मुलींना अभ्यासाला हवाय म्हणा. थोडं खोटं बोललात तर चालेल.

गोळीचं तर माझ्या धंद्यातलंच आहे. बीपी दुखत नाही, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस माणसाला उलट बरंच वाटतं आणि मग एक दिवस तोंड वाकडं होऊन खाटेवर येतो. किती बघितलेत. तुमच्या घरात पाच एकर ओढणारा माणूस एकच आहे. मिस्टरांना कृत्ये 27 वाचायला सांगा, त्यांच्या पुराशी जुळणारी गोष्ट आहे. प्रेषित पौल होता ते जहाज, 276 माणसं, चौदा दिवस वादळात. देवदूताने रात्री सांगितलेलं की एकाचाही जीव जाणार नाही. पक्कं वचन मिळालं ना, आता पौलाने हात जोडून बसायला हरकत नव्हती. पण खलाशी होडी घेऊन पळायला लागले तसा तो शिपायांना म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. मग सगळ्यांना म्हणतो चौदा दिवस उपाशी आहात, आधी जेवा, तुमच्या जीवासाठी ते गरजेचं आहे. आणि शेवटी वाचले कसे, पोहता येणारे पोहत आणि बाकीचे फळ्यांवर, तुकड्यांवर. जहाज गेलंच, फुटलं. फळी हातात आली ती कोणी पाठवली यावर वाद घालू, पण आधी धरा तर. हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली तेव्हाही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलं. आणि पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, हे मी डॉक्टरांच्या बाजूने नेहमी सांगत असते.

एकदा पावसाळ्यात रात्री एका मुलीला साप चावलेला, घरचे म्हणाले आधी प्रार्थना करू मग बघू. तिच्या आजीने कोणाचं ऐकलं नाही, शेजारच्या जीपमध्ये मुलीला घातलं आणि दवाखान्यापर्यंत अख्ख्या रस्त्याने मोठ्याने स्तोत्र म्हणत आली, इतकी की ड्रायव्हर वैतागला होता. आम्ही विषावरचं इंजेक्शन दिलं, मुलगी राहिली. आजीने नंतर कोणाचे आभार मानले, देवाचे, माझे आणि ड्रायव्हरचे, याच क्रमाने. मला काही कमीपणा वाटला नाही.

इतके महिने बंद असलेली गोळी घरच्या घरी परत सुरू करू नका, आधी उपकेंद्रात बीपी मोजून घ्या, तिथे पैसे लागत नाहीत, आणि डोस डॉक्टरच ठरवू द्या.

विम्याचं मात्र मी त्यांना पूर्ण दोष देणार नाही. 2023 च्या खरिपात सरकारने एक रुपयात पीकविमा आणला होता, 2025 पासून ते बंद झालं, आता खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. कपाशीच्या हप्त्यात डवरणीची मजुरी निघते, म्हणून बरेच कास्तकार यंदा थांबले आणि त्यातल्या कोणी देवाचं नाव घेतलं नाही. भरायचा की नाही हा हिशोबाचा प्रश्न आहे, वही घेऊन दोघं बसा आणि ठरवा. नाही भरायचा तर "परवडत नाही" म्हणा, "विश्वास आहे" म्हणू नका. बायबलमधल्या योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा धान्य कोठारात भरायला लावला, आणि पुढच्या सात वर्षांचा दुष्काळ त्याला देवानेच दाखवला होता. गंमत बघा, आपण मंडळीत तारण (मुक्ती) म्हणतो आणि बाजार समितीतही तारण म्हणतो. तूर-सोयाबीन गोदामात ठेवून शेतमाल तारण कर्ज मिळतं, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, 6 टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी, म्हणजे पडत्या भावात लगेच विकावं लागत नाही. यंदा बैलही घ्यायचाय तुम्हाला, तर तुमच्या बाजार समितीत चालू आहे का विचारून घ्या.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचलं ते. पाऊस आला की ते रात्रभर ओसरीत बसतात. दिवसा त्याच रपट्यावर गाडी घालणारा माणूस रात्री पावसाच्या आवाजाने झोपत नाही. ताई, त्या रात्रीचं त्यांनी तुम्हाला पूर्ण सांगितलंय का? सभेत सांगतात ती गोष्ट म्हणत नाहीये मी, ती रात्र. बंडी उलटली तेव्हा पोरगा कुठे होता, त्याने हाक मारली का, हात हातात होता का आणि सुटला का. मला माहीत नाही, अंदाजाने लिहितेय, चुकत असेन तर बरंच. पण "मला देवाने निवडून काढलं" हे वारंवार, मोठ्याने, नवीन नवीन गावात सांगावं लागतंय यामागे कधी कधी "माझ्या हातातून तो सुटला" हे न सांगता येणारं वाक्य असतं. म्हणून सभेवरून भांडू नका, त्याने ते अजून आत जातील. पुढच्या वेळी पाऊस आला की तुम्हीही उठा, चहा ठेवा, आणि ओसरीत बाजूला बसा. विचारू नका काही. दोन-तीन पावसांनंतर बोलतील किंवा नाही बोलणार. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. सांभाळ असाही असतो, आणि तो तुम्हाला येतोच.

झोप येतच नसेल, चिडचिड वाढली असेल, किंवा तोंडातून "मीच जायला पाहिजे होतो" असं काही निघालं तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः त्यांच्याविषयी विचारायला फोन केला तरी चालतो.

आणि ती आई. मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली असेल, पण तिच्या कागदांचं काय झालं ते कोणी विचारलं का? पुरात माणूस गेला तर आपत्ती निधीतून वारसाला 4 लाख रुपये मिळतात, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा रिपोर्ट लागतो. मिळाले असतील तर उत्तम. नसतील तर तहसीलला चकरा मारायला त्या बाईच्या बरोबर कोण आहे? तुमच्या बैलाचेही असतात, ओढकामाच्या मोठ्या जनावराला 32 हजार, पण तलाठ्याने (आता त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, आपण तलाठीच म्हणणार) तेव्हा पंचनामा केला होता का बघा, निकष मधे मधे बदलतात तर तिथेच पक्कं विचारा. माझं स्पष्ट मत आहे, तुमच्या मिस्टरांनी एक सभा सोडून त्या दिवशी तिच्या फायलीसाठी तहसीलच्या बाकावर बसावं. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीने गेले, रमाबाई जगल्या, आणि पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्याच बाई इकडे मध्य प्रांतात येऊन उपाशी मुली गोळा करून केडगावला घेऊन गेल्या. मी का वाचले याचं उत्तर असं हातांनी लिहिता येतं, माइक लागत नाही.

पाळकसाहेबांकडे एकट्या जाऊ नका आणि सभेच्या आदल्या दिवशी तर नकोच. मंडळीतल्या एखाद्या जुन्या, शांत बाईला बरोबर घ्या आणि आत्ताच जा. त्यांना चूक दाखवायला आलोय असं वाटू देऊ नका, एक विनंती म्हणून सांगा, की त्या आईला विचारल्याशिवाय साक्ष नको, व्हिडिओ अजिबात नको, आणि त्याऐवजी त्या मुलाचं नाव घेऊन थोडा वेळ सगळे शांत बसू, मग स्तोत्र 88 वाचू. ते स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे, कोणी काढून टाकलं नाही. पाळक नाही म्हणाले तर मिस्टर नाही म्हणू शकतात, साक्ष त्यांची आहे. आणि तेही नाही म्हणाले, सभा ठरल्याप्रमाणेच झाली, तर त्या संध्याकाळी तुम्ही सभेत बसायलाच पाहिजे असं काही नाही, तिच्या घरी बसा. लोक बोलतील. बोलू द्या.

हे पत्र मी सगळं सदर देऊन छापतेय कारण अशी पत्रं फक्त ख्रिस्ती घरांतून येत नाहीत. कोरोनात एका वॉर्डातून एक जण उठून आला आणि शेजारच्या खाटेवरचा गेला, अपघातात जीपमधले दोघंच वाचले, मग कोणी शेगावला पायी जाऊन आलं, कोणी पंढरीला, आणि गेलेल्याच्या घरचे खिडकीतून तो नवस फेडायचा मांडव बघत बसले. त्या सगळ्यांना हेच म्हणेन, आधी त्या घरी जाऊन या, मग मांडव घाला.

"धन्यवाद" अडकतं तर सध्या म्हणू नका. स्तोत्र 69 असं सुरू होतं, देवा मला तार, पाणी गळ्याशी आलंय. तेवढंच म्हणा, ते तुमच्या घरात आत्ता तिघांचंही खरं आहे.

आणि तिच्याकडे पहिल्यांदा जाल तेव्हा मिस्टरांना घेऊन जाऊ नका, पाळकांनाही नको. भाकरी आणि ठेचा असं काही घेऊन जा, रिकाम्या हाताने नको. ती दार उघडणार नाही कदाचित, मग डबा पायरीवर ठेवा आणि दोन दिवसांनी डबा न्यायला आले म्हणून परत जा. बायबल पिशवीतच राहू द्या. त्याचं नाव घ्या, तिच्या मुलाचं. वीस घरांमध्ये पूर आला त्या दिवसापासून ते नाव तिच्यासमोर कोणी घेतलं नसेल.